पडद्यावरची पृथ्वी, पायाखालची जमीन

अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर ‘अंबरनाथ पूर्व’ येथे आहे, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रिक्षावाल्याला तसेच सांगितले जाते आणि पत्त्यातही तसेच लिहिले जाते. मात्र संगणकावर नकाशा उघडून अंबरनाथ स्थानक मध्यभागी आणले, की मंदिर स्थानकाच्या डाव्या हाताला, थोडे खाली दिसते. नकाशात वरची बाजू उत्तर असते. म्हणजे मंदिर स्थानकाच्या नैर्ऋत्येला आहे. सारे गाव ज्या भागाला पूर्व म्हणते, तो सूर्य मावळतो त्या अंगाला आहे!

नकाशा थोडा दूर नेला की या कोड्याचा उलगडा होतो. मुंबईहून निघालेले रूळ कल्याणपर्यंत उत्तर आणि ईशान्य दिशेने जातात. या प्रवासात उजव्या हाताची बाजू खरोखरच पूर्वेची असते. कल्याणला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. कर्जतचा फाटा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असा आग्नेयेकडे वळतो. रूळ वळले, पण नावे वळली नाहीत. उजव्या हाताची ती ‘पूर्व’ आणि डाव्या हाताची ती ‘पश्चिम’ हीच रीत पुढेही चालू राहिली. त्यामुळे या तिन्ही गावांत पूर्व म्हणजे बहुधा नैर्ऋत्य, आणि पश्चिम म्हणजे बहुधा ईशान्य.

गाळा पूर्वाभिमुख असावा असा आग्रह धरणाऱ्या व्यापारी कुटुंबाला हे वाचून हसू येईल. पण या कोड्याला गंभीर बाजूही आहे. उल्हास नदी याच ‘पश्चिम’ म्हटल्या जाणाऱ्या अंगाने वाहते. आपले घर, दुकान, गोदाम कोणत्या दिशेला आणि नदीपासून किती अंतरावर आहे, हे तीस-तीस वर्षे तेथे राहणाऱ्यांनाही पुष्कळदा नेमके सांगता येत नाही. घरात संगणक असतो, त्यावर हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात. त्याच संगणकावर कोणताही खर्च न करता पृथ्वी उघडून पाहता येते, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

साधा कार्यक्रम, मोठे दार

जगाचे नकाशे दाखवणारे संगणकीय कार्यक्रम अनेक आहेत. त्यांपैकी ‘गुगल अर्थ’ सर्वाधिक परिचित आहे. ‘कीहोल’ नावाच्या एका कंपनीने तो मुळात तयार केला होता. २००४ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली आणि जून २००५ मध्ये तो कार्यक्रम नव्या नावाने सर्वांसाठी खुला झाला. त्याची ‘प्रो’ आवृत्ती पूर्वी पैसे मोजून घ्यावी लागे. जानेवारी २०१५ पासून तीही विनामूल्य आहे. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ हा नकाशा २००४ पासून जगभरातील स्वयंसेवक मिळून तयार करीत आहेत. ‘मार्बल’ हा आणखी एक मुक्त कार्यक्रम आहे. त्यात टेबलावरच्या पृथ्वीगोलाप्रमाणे पृथ्वी फिरवता येते आणि १६८९ सालचा जुना जगाचा नकाशाही त्या गोलावर चढवून पाहता येतो. आपल्या इस्रोने १२ ऑगस्ट २००९ रोजी ‘भुवन’ हे भारतीय उपग्रहचित्रांचे दालन उघडले.

यांपैकी कोणताही एक कार्यक्रम शिकण्यास एक संध्याकाळ पुरते. माऊसच्या चाकाने जवळ जावे किंवा दूर यावे, डावी कळ दाबून धरून पृथ्वी सरकवावी, शोधाच्या चौकटीत गावाचे नाव लिहावे. बाकी तीनच साधने शिकून घ्यावीत. पहिले मोजपट्टी, म्हणजे दोन ठिकाणांतील अंतर मोजण्याची सोय. दुसरे टाचणी, म्हणजे एखादी जागा खूण करून जपून ठेवण्याची सोय. तिसरे घड्याळाचे चिन्ह. ते दाबले की त्याच जागेची जुनी उपग्रहचित्रे एकामागून एक उलगडत जातात.

नदीने आखलेली हद्द

घड्याळाच्या त्या चिन्हापासूनच सुरुवात करावी. बदलापूर पडद्यावर आणून वर्षे मागे न्यावीत. आज जेथे उंच इमारतींची संकुले दिसतात, तेथे शेते, भातखाचरे आणि गवताळ माळ दिसू लागतात. मुंबईत घर परवडेनासे झाले, तशी कुटुंबे डोंबिवली, कल्याण आणि मग अंबरनाथ-बदलापूरकडे सरकली. २०११ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६ आणि अंबरनाथची २,५३,४७५ होती. आकडे वाचून जे लक्षात येत नाही, ते चित्रे मागेपुढे केली की क्षणात उमगते.

याच चित्रांत उल्हास नदी पाहावी. राजमाचीच्या परिसरात उगम पावून ती कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणकडे आणि पुढे वसईच्या खाडीकडे जाते. बदलापूरच्या पूर्वेकडील डोंगरांत बारवी धरण आहे, दक्षिणेला मलंगगड, चंदेरी आणि माथेरानची रांग आहे. या डोंगरांवर पडणारे पावसाचे पाणी कोठे उतरणार, हे पडद्यावरचा प्रदेश थोडा तिरपा करून पाहिला की लहान मूलही सांगू शकते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी उल्हास खोऱ्यातही हाहाकार उडाला. पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. ती बातमी सर्वांनी ऐकली. पण नकाशावर त्या टप्प्यातील रूळ आणि नदी एकमेकांच्या किती जवळून जातात, हे पाहिले म्हणजे ती घटना अकस्मात घडली असे वाटत नाही.

व्यापारी कुटुंबाची पुंजी बहुधा तळमजल्यावर असते. दुकान तळमजल्यावर, गोदाम तळमजल्यावर, आणि कापडाचे गठ्ठे, धान्याची पोती, जुन्या वह्या तेथेच रचलेल्या. पुराचे पाणी एका रात्रीत वीस वर्षांची कमाई चिखलात मिळवू शकते. म्हणून गाळा किंवा सदनिका घेण्यापूर्वी अर्धा तास नकाशापुढे बसणे ही व्यवहारातील साधी सावधगिरी आहे. नदी किंवा नाला किती अंतरावर आहे, हे मोजपट्टीने मोजावे. जुन्या चित्रांत त्या जागी ओढा, तळे किंवा पाणथळ होते का, ते पाहावे. भराव घालून उंच केलेली जमीन आज कोरडी दिसते, पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. माऊस फिरवला की गुगल अर्थमध्ये त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. तिच्यावर भिस्त ठेवून निर्णय घेऊ नये. उंचीच्या अशा नोंदींचा एक मोठा आधार म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानाने अकरा दिवसांत रडारने केलेली पृथ्वीची मोजणी. तिच्यात काही मीटरची चूक संभवते. दाट झाडी आणि इमारती असतील तेथे त्यांची उंचीही मिसळते. डोंगर आणि दरी ओळखण्यास ती पुरेशी आहे, पण पाणी उंबरठ्याला लागेल की गुडघ्यापर्यंत येईल, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा पाहाव्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. जागा या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे नगरपालिकेत लेखी विचारावे.

हद्दीच्या बाबतीतही तेच. राज्य शासनाच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर गट क्रमांकानुसार जमिनीचा नकाशा पाहता येतो. तो सातबाऱ्याशी ताडून पाहणे चांगले. परंतु वाद निर्माण झाला तर उपग्रहचित्र दाखवून भागत नाही. भूमी अभिलेख कार्यालयाची अधिकृत मोजणीच ग्राह्य धरली जाते. पडद्यावरचा नकाशा योग्य प्रश्न सुचवतो. उत्तराची खातरजमा जमिनीवर आणि कागदावर करावी लागते.

तीन गावे, तीन काळ

आकाशातून पाहताना ही तीन शेजारी गावे तीन निराळ्या काळांची साक्ष देतात. वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे मंदिर एखाद्या ठिपक्यासारखे दिसते. त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील आहे. नदी होती म्हणून ती जागा निवडली गेली असावी, हे नकाशा पाहताना सहज सुचते. तीच वालधुनी पुढे उल्हासनगरातून वाहत कल्याणजवळ उल्हासला मिळते. तिचा प्रवाह बोटाने धरून पुढे गेले, की मंदिरापाशी पूजनीय असलेली नदी वस्तीतून जाताना कशी आक्रसते, हेही दिसते.

उल्हासनगरचा आराखडा निराळा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची पायाभरणी झाली आणि ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. कॅम्प एक ते पाच ही नावे आजही त्या छावणीची आठवण देतात. येथील गजानन मार्केट आणि जपानी बाजार या गजबजलेल्या बाजारपेठा हातात काहीही न घेता आलेल्या माणसांच्या कष्टांवर उभ्या आहेत. या बाजारांत जैन व्यापारी आणि सिंधी व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी बसत आले आहेत. मोजपट्टीचे एक टोक उल्हासनगरावर आणि दुसरे कराचीवर ठेवले, तर सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर अंतर भरते. मुंबईहून दिल्ली याहून दूर आहे. पण शेजारच्या दुकानातील एखाद्या वृद्ध सिंधी गृहस्थांसाठी ती ९०० किलोमीटरची वाट १९४७ साली कायमची बंद झाली. अशा शेजाऱ्यांना कधी घरी बोलावून पडद्यावर शिकारपूर किंवा सक्कर दाखवावे. त्यांचे बोट ज्या गल्लीवर थांबेल, तेथून सुरू होणारी हकिकत घरातील मुलांना कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही.

विहाराची वाट

गावाचे चित्र काढून ते दूर पाठवण्याची कल्पना जैन समाजाला नवी नाही. चातुर्मासासाठी आचार्यांना विनंती करताना पूर्वी श्रीसंघ ‘विज्ञप्तिपत्र’ पाठवीत असे. कित्येक हात लांबीच्या त्या पटावर गावातील रस्ते, बाजार, दुकाने, मंदिरे आणि उपाश्रय रंगवलेले असत. आपण यावे, आमचे गाव असे आहे, हे त्या चित्रातून सांगितले जाई. आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेले १६१० सालचे विज्ञप्तिपत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगवले असून त्यात जहांगीर बादशहाच्या दरबाराचेही चित्र आहे. व्यापाऱ्यांनी आपल्या गावाचा असा चित्रमय परिचय करून द्यावा, ही परंपरा अभिमान वाटावा अशी आहे.

आज त्याच परंपरेला नवे काम आहे. साधू-साध्वी अनवाणी, पायी विहार करतात. पूर्वीच्या पायवाटा आता महामार्ग झाले आहेत आणि पहाटेच्या अंधूक प्रकाशात भरधाव वाहनांमुळे विहारात झालेल्या अपघातांच्या बातम्या मन विदीर्ण करतात. विहारात सोबत चालणारे श्रावक आदल्या दिवशी नकाशा पाहून बरेच काही करू शकतात. महामार्गाला समांतर जाणारा गावरस्ता आहे का, पूल किती अरुंद आहे, वळण आंधळे आहे का, पुढचा मुक्काम नेमका किती किलोमीटरवर आहे, हे सारे घरबसल्या पाहता येते. कल्याण ते बदलापूर हे रेल्वेचे अंतर १४ किलोमीटर आहे; पायी वाट त्याहून किती लांबते, हे मोजपट्टीने टप्प्याटप्प्याने मोजता येते. विश्रांतीच्या जागांवर टाचण्या लावून तो नकाशा पुढच्या गावच्या संघाला पाठवला, तर तेथील मंडळी वेळेवर सामोरी येऊ शकतात. मात्र पावसाळ्यानंतर रस्ता तसाच राहिला आहे का, हे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेच पाहिजे. उपग्रहाचे चित्र दोन वर्षांपूर्वीचेही असू शकते.

ईर्यासमिती चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकण्यास शिकवते. ती जीवरक्षणासाठी आहे आणि ती डोळ्यांनीच पाळायची असते. तिची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. परंतु साधूंच्या चार हातांपलीकडचा धोका श्रावकांनी आधीच पाहून ठेवणे, हेही वैयावच्चच आहे.

व्यापाऱ्यांचे जग

आता नकाशा दूर न्यावा. बदलापूर ठिपका होते, मग सह्याद्रीची रेघ, मग भारत, आणि शेवटी काळ्या अवकाशात फिरणारा निळा गोल. या गोलावर जैन व्यापारी कुटुंबांची वाट शोधणे हा मुलांसाठी सुट्टीतील उत्तम उद्योग आहे. पालनपूरहून निघालेली हिऱ्यांची वाट बेल्जियममधील अँटवर्पला पोहोचते. हालारमधील ओसवाल कुटुंबे समुद्र ओलांडून मोंबासा आणि नैरोबीला गेली. मुंबई ते मोंबासा हे अंतर सरळ रेषेत सुमारे ४,४०० किलोमीटर आहे आणि एके काळी ते शिडांच्या जहाजांनी, मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर पार केले जाई. जपानमधील कोबे येथे १९८५ मध्ये जिनालय उभे राहिले. इंग्लंडमधील लेस्टरला जैन सेंटर आहे. आजोबांचे मारवाडातील किंवा कच्छमधील गाव, काकांचे कोईमतूर, आत्याचे अँटवर्प अशा टाचण्या लावत गेले, की कुटुंबाचा वंशवृक्ष पृथ्वीवर पसरलेला दिसू लागतो.

मुलांना आपल्याच अक्षांशावरील गावेही शोधायला सांगावीत. अंबरनाथ साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून पश्चिमेकडे निघाले की अरबस्तान ओलांडल्यावर पोर्ट सुदान जवळ येते, अटलांटिक पार केल्यावर मेक्सिको सिटी जवळ येते आणि पुढे हवाई बेटांतील सर्वांत मोठे बेट लागते. अंबरनाथच्या वर दुपारचा सूर्य जेवढ्या उंचीवर येतो, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर तो या साऱ्या ठिकाणी येतो.

याच गोलावर आणखी एक धडा मिळतो. भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, तर ग्रीनलँडचे सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे ग्रीनलँड आफ्रिकेच्या चौदाव्या हिश्शाएवढे, आणि आपल्या ३२.८७ लाख चौरस किलोमीटरच्या भारताहूनही लहान! दोष कोणाचा? १५६९ मध्ये मर्केटरने खलाशांसाठी जो नकाशा आखला, त्यात दिशा अचूक राहाव्यात म्हणून ध्रुवांकडील प्रदेश ताणावे लागले. दुसऱ्या काही नकाशांत क्षेत्रफळ अचूक असते, पण देशांचे आकार बिघडतात. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना सर्वच सत्ये एकाच वेळी सांगता येत नाहीत. प्रत्येक नकाशा एका अपेक्षेने खरा असतो. अनेकांत समजावून सांगताना हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली जाते. आजच्या मुलांना हे दोन नकाशे शेजारी ठेवून दाखवले, तर तोच विचार त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘अंबरनाथ पूर्व’ हे नावही असेच आहे. मुंबईहून येणाऱ्या प्रवाशाच्या अपेक्षेने ते रास्त, होकायंत्राच्या अपेक्षेने नाही.

दिग्व्रताचा विषयही येथे आठवतो. दहाही दिशांना आपण किती दूर जाणार, किती दूरवर व्यापार करणार, याची मर्यादा श्रावक स्वतःच आखून घेतो. नदी, पर्वत, गावे यांच्या खुणा सांगून त्या मर्यादा पूर्वी ठरवल्या जात. नकाशावर घरापासून हजार किलोमीटरची रेषा ओढून पाहिली, की अशा मर्यादेचा अर्थ मुलांना नीट कळतो. बसल्या जागी सारे जग पाहता येऊ लागले असताना आपल्याला खरोखर किती जगाची गरज आहे, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

एक संध्याकाळ

येत्या एखाद्या रविवारी, सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपल्यावर, घरातील तिन्ही पिढ्यांनी संगणकापुढे बसावे. माऊस मुलांच्या हाती द्यावा आणि प्रश्न आजोबा-आजींनी विचारावेत. पहिली टाचणी घरावर लावावी. दुसरी दुकानावर. तिसरी जवळच्या नदीवर किंवा नाल्यावर, आणि दोहोंमधले अंतर मोजून ते एका वहीत लिहून ठेवावे. चौथी टाचणी उपाश्रयावर. पाचवी आजोबांच्या जन्मगावावर. मग जगभर फिरायला सारी रात्र मोकळी आहे.

नदीजवळच्या टाचणीचे अंतर अपेक्षेपेक्षा कमी भरले, तर मात्र जगप्रवास थोडा पुढे ढकलावा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर खालच्या फळीवरच्या वह्या आणि महत्त्वाची कागदपत्रे वरच्या फळीवर ठेवावीत, विम्याचे कागद काढून त्यात पुराचा समावेश आहे का ते पाहावे, आणि सवड काढून नगरपालिकेत पूररेषेची चौकशी करावी. पुढच्या जुलैपूर्वी एवढे झाले, तर त्या संध्याकाळचे सार्थक झाले असे म्हणता येईल.